ग्राफाइटवरचे ८६ अंश: हवेतल्या थराने फसवलेलं एक मोजमाप

ग्राफाइटच्या सपाट पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो पसरतो की गोळा होऊन बसतो? प्रश्न शाळेच्या प्रयोगवहीतला वाटतो. पण त्याचं उत्तर १९४० पासून २०१३ पर्यंत जवळपास सगळ्यांनी एकच धरलं: थेंब फारसा पसरत नाही, त्याच्या कडेचा कोन सुमारे ८६ अंश राहतो; ते पाठ्यपुस्तकांत गेलं, संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये गेलं, आणि ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा एकाच अणूएवढा जाड थर, आल्यावर त्याच्याही माथी मारलं गेलं. ते उत्तर ग्राफाइटचं नव्हतंच. ग्राफाइटवर बसलेल्या हवेतल्या तेलकट रेणूंचं होतं. द्विमितीय पदार्थांच्या पृष्ठरसायनाचं एकच प्रकरण शिकवायचं झालं तर मी हेच निवडेन. यात कुणी लबाडी केलेली नाही, उपकरणं बिघडलेली नाहीत, मोजमापं निष्काळजी नाहीत, आणि तरीही निष्कर्ष चुकला.

आधी मोजतात काय ते पाहू. थेंबाची कड जिथे घन पृष्ठभागाला टेकते तिथे द्रवाच्या आत जो कोन तयार होतो तो स्पर्शकोन. प्रयोगशाळेत सगळे त्याला काँटॅक्ट अँगलच म्हणतात. कोन लहान असेल तर पाणी पसरलं, पृष्ठभाग जलस्नेही. कोन ९० अंशांच्या पुढे गेला तर जलद्वेषी. थॉमस यंगने १८०५ मध्ये या कोनाचा संबंध पृष्ठऊर्जांशी जोडला, आणि आजही त्याचंच समीकरण वापरतात. सोय अशी की एक थेंब, एक कॅमेरा आणि पाठीमागून येणारा एकसारखा प्रकाश एवढ्यावर रेणूंच्या पातळीवरची माहिती मिळते. अडचण अशी की पाण्याचा थेंब वरच्या एक-दोन नॅनोमीटरपलीकडचं फारसं काही ‘पाहत’ नाही. तिथे जे असेल त्याचाच कोन मिळतो.

ग्राफाइटसाठी नेहमी दाखला दिला जायचा तो शिकागो विद्यापीठातल्या फाउक्स आणि हार्किन्स यांच्या १९४० च्या मोजमापाचा: सुमारे ८६ अंश. पुढच्या दशकांत वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या नमुन्यांवर झालेली बहुतेक मोजमापं ८० ते ९५ च्या पट्ट्यात आली. उच्च प्रतीचा पायरोलिटिक ग्राफाइट, म्हणजे एचओपीजी, बाजारात आल्यावर काम आणखी सोपं झालं. तुकड्यावर चिकटपट्टी दाबायची, ओढायची, वरचे थर निघून येतात आणि खाली आरशासारखा चकचकीत, अणूंच्या पातळीवर सपाट असा नवा पृष्ठभाग उघडा पडतो. त्यावर दोन-तीन मायक्रोलिटरचा थेंब सोडला की झालं. नुकताच सोललेला पृष्ठभाग म्हणजे स्वच्छ पृष्ठभाग, ही समजूत इतकी रुजली होती की सोलल्यापासून थेंब ठेवेपर्यंत किती वेळ गेला हे लिहिण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. लिहायची राहून गेलेली ही एक नोंदच या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे.

वेगळं सांगणारा माणूस मात्र मधेच येऊन गेला होता. माल्कम श्रेडरने १९७५ मध्ये अतिनिर्वातात, म्हणजे हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेल्या कक्षात, ग्राफाइट सोलला आणि हवा लागू न देता पाण्याचा कोन मोजला. तो ३५ अंशांच्या आसपास आला. मापनातल्या फरकाने ८६ चे ३५ होत नाहीत. हा निकाल प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला, संदर्भयाद्यांत दिसत राहिला, आणि तरीही त्याने प्रचलित आकडा हलला नाही.

का हलला नाही? मला यातलं कारण अगदी साधं वाटतं. श्रेडरचा प्रयोग पुन्हा करायला अतिनिर्वाताची यंत्रणा हवी आणि तिच्या आत पाण्याची वाफ सोडण्याची हिंमतही हवी, कारण अतिनिर्वात सांभाळणारी माणसं पाण्याला सगळ्यात जास्त घाबरतात. उलट ८० ते ९५ चा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेत, कोणत्याही दुपारी मिळत होता. विज्ञानात आपण पुनःपुन्हा मिळणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवतो, आणि तो ठेवायलाच हवा. पण इथे सगळ्या प्रयोगशाळांत समान असलेली गोष्ट फक्त ग्राफाइट नव्हती, हवाही होती. इतक्या ठिकाणचे आकडे जुळत होते, त्यात हवेचाही वाटा होता.

हे ओळखण्यासाठी पूर्वीचं उदाहरणही समोर होतं. सोन्यावर पाणी पसरतं की नाही यावर रसायनशास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडत होते. १९६५ मध्ये बेविग आणि झिस्मन यांनी काटेकोर स्वच्छता राखून दाखवलं की शुद्ध सोन्यावर आणि प्लॅटिनमवर पाणी सपाट पसरतं. जलद्वेषी सोनं म्हणजे सेंद्रिय रेणूंचा लेप चढलेलं सोनं. तरी तोच धडा कार्बनला लावायचं राहिलं. कार्बन म्हटलं की काजळी, शिसपेन्सिल, तेलकटपणा डोळ्यांसमोर येतो, तेव्हा तो पाणी झटकणार हे मनाला पटकन पटतं. पटलेल्या गोष्टीची तपासणी कमी होते.

आता हा आकडा कसा पसरला ते बघण्यासारखं आहे. २००३ मध्ये वेर्डर आणि सहकाऱ्यांनी ग्राफाइट आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) यांच्याजवळच्या पाण्याच्या सिम्युलेशनसाठी कार्बन आणि पाण्यातला ऑक्सिजन यांच्यातलं आकर्षण किती धरायचं हे ठरवलं. त्यांनी संगणकावर थेंब बसवले, आकर्षणाची ताकद बदलत नेली, आणि थेंबाचा कोन ८६ अंश येईल ती किंमत निवडली: ०.३९२ किलोज्यूल प्रति मोल. हे काम उत्तम होतं. आकर्षण वाढवलं की कोन कसा उतरतो याचा सरळ संबंधही त्यांनी दिला, त्यामुळे उद्या वेगळा कोन मिळाला तर नवी किंमत काढता यावी अशी सोय झाली. पण वापरणाऱ्यांनी बहुधा तयार किंमतच उचलली. नॅनोट्यूबमधून पाणी किती वेगाने वाहतं, ग्राफीनच्या छिद्रांतून समुद्राचं पाणी गाळता येईल का, अशा कितीतरी सिम्युलेशनमध्ये १९४० चे ८६ अंश आतमध्ये बसलेले होते. वाचणाऱ्याला ते दिसायचेही नाहीत, कारण आता ते कोनाच्या नाही तर ऊर्जेच्या वेशात होते.

मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीनेच ग्राफीन वेगळं केलं आणि पृष्ठभागाचा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. ग्राफीन म्हणजे एकाच अणूचा थर, जाडी ०.३३५ नॅनोमीटर धरतात. त्याला ‘आत’ असं काही नाहीच, दोन्ही बाजूंनी नुसता पृष्ठभाग. अशा थरावर पाणी ठेवलं तर त्याला ग्राफीन जाणवेल की ग्राफीनच्या खालचा पदार्थ?

२०१२ मध्ये यावर गाजलेला शोधनिबंध आला. रेनसेलर पॉलिटेक्निकमधले निखिल कोरटकर (मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी) आणि राइस विद्यापीठातले पुलिकेल अजयन यांच्या गटांनी दाखवलं की सोनं, तांबं किंवा सिलिकॉन यांच्यावर ग्राफीनचा एक थर चढवला तरी पाण्याचा कोन जवळजवळ बदलत नाही. तांब्यावर तो ८६ च्या आसपास होता तसाच राहिला, सिलिकॉनवर ३३ च्या आसपास होता तसाच राहिला. काचेवर मात्र ग्राफीनने कोन बराच वाढवला, कारण तिथे पाणी हायड्रोजन बंधांनी धरलं जातं आणि मधला थर ते बंध तोडतो. ओलेपणाच्या बाबतीत ग्राफीन पारदर्शक आहे, ही कल्पना लगेच लोकप्रिय झाली. त्याच वर्षी एमआयटीतल्या एका गटाने ही पारदर्शकता अर्धवटच आहे असं सैद्धांतिक गणिताने मांडलं, आणि वाद पेटला.

या वादात तांब्याच्या आकड्याकडे मला नेहमी थांबावंसं वाटतं. स्वच्छ धातूवर पाणी पसरतं, हे झिस्मनच्या काळापासून माहीत आहे. मग उघड्या तांब्यावर ८६ अंश येतात, याचा अर्थ ते तांबंही उघडं नव्हतं. ग्राफीन नसलेल्या आणि ग्राफीन असलेल्या दोन्ही तांब्यांवर हवेतला तोच लेप असेल तर दोन्हींचा कोन सारखा येणार, त्यासाठी पारदर्शकता लागतच नाही. सिलिकॉनवरचे ३३ अंश मात्र इतक्या सरळ स्पष्टीकरणात बसत नाहीत. म्हणून पारदर्शकतेची कल्पना खोटी ठरली असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिला आधार देणाऱ्या आकड्यांपैकी एकाचा आधार गेला, एवढंच म्हणता येतं.

२०१३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या हायताओ ल्यू आणि ले ली यांच्या गटांनी या प्रकरणाचा सांधा बदलला. त्यांनी जे केलं ते पाहताना आश्चर्य वाटतं ते त्याच्या साधेपणाचं: त्यांनी घड्याळ लावलं. तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेलं ग्राफीन भट्टीतून बाहेर काढताच त्यावर थेंब ठेवला. कोन ४४ अंश आला. वीसएक मिनिटांत तो साठीला पोचला, आणि दिवसभर हवेत राहिल्यावर ८० च्या आसपास स्थिरावला. ताज्या सोललेल्या ग्राफाइटवर सुरुवात ६४ अंशांच्या आसपास झाली आणि तोही जुन्या ओळखीच्या आकड्यांकडे चढत गेला. म्हणजे १९४० चा आकडा चुकून आलेला नव्हता. तो हवेत राहिलेल्या ग्राफाइटचा अगदी बरोबर आकडा होता.

वेळेबरोबर कोन वाढतो, एवढ्यावर दोष हवेतल्या रेणूंना देता येत नाही. पृष्ठभाग ऑक्सिडाइज होत असेल, खडबडीत होत असेल, अशाही शंका येतात (तसं ऑक्सिडेशनने कोन उतरायला हवा, चढायला नको). म्हणून त्यांनी अवरक्त वर्णपट घेतला, ज्यात प्रत्येक प्रकारच्या रासायनिक बंधाची स्वतःची खूण दिसते. ग्राफाइट आणि ग्राफीनच्या सपाट जाळीत कार्बनला हायड्रोजन लागलेलाच नसतो. तेव्हा वर्णपटात कार्बन-हायड्रोजन बंधाची खूण दिसली तर ती पाहुण्याचीच. आणि ती दिसली: २८५० आणि २९३० प्रति सेंटीमीटरच्या आसपासची शिखरं, जी लांब हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजन एवढ्यांच्याच) साखळ्यांतल्या मिथिलीन गटांची असतात. नमुना हवेत जसा जुना होत गेला तशी ती वाढत गेली. एक्स-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटानेही तेच सांगितलं. मग उलटी तपासणी केली. नमुना तापवला, किंवा अतिनील प्रकाश आणि ओझोनखाली धरला. काही लेप गेला आणि कोन पुन्हा खाली आला.

या शेवटच्या पायरीत एक खाच आहे. ओझोन लेप जाळतो तसा ग्राफीनलाही चावतो. जाळीत ऑक्सिजनचे गट बसले की कोन उतरतो, आणि आपल्याला वाटतं की पृष्ठभाग स्वच्छ झाला. म्हणून ओझोनची मात्रा आवरून धरावी लागते, आणि रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटात) १३५० प्रति सेंटीमीटरजवळचं डी शिखर उठलं का हे पाहावं लागतं. ते उठलं तर जाळीला इजा झाली. ओझोनने ‘साफ’ केलेल्या ग्राफीनचा कोन कुणी दिला आणि सोबत रामन दिला नाही, तर मी तो आकडा वापरत नाही.

अंशांतला फरक ऊर्जेत मांडला की त्याचं वजन कळतं. पाणी आणि पृष्ठभाग एकमेकांना किती घट्ट धरतात ते यंग-द्युप्रे समीकरणातून निघतं: पाण्याचा पृष्ठताण गुणिले एक अधिक कोनाचा कोसाइन. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर असतो. कोन ८६ धरला तर ही ऊर्जा सुमारे ७८ येते. ६४ धरला तर १०५. ४२ धरला (हा आकडा कुठून आला ते शेवटी येईल) तर १२७. म्हणजे सिम्युलेशनमध्ये पाणी आणि कार्बनची ओढ किती धरायची याची जी कसोटी होती, तीच खऱ्या किमतीपेक्षा एक तृतीयांशाहूनही अधिक प्रमाणात कमी असू शकते. नॅनोट्यूबमध्ये पाणी भिंतीला किती घसटून जाईल, किती घसरेल, हे सगळं याच ओढीवर ठरतं.

एवढ्या लवकर लेप बसतो तरी कसा? पृष्ठविज्ञानात जुना हिशेब आहे. एखाद्या वायूचा दाब एक टॉरचा (दाबाचं एकक; वातावरणाचा दाब ७६० टॉर) दशलक्षांश भाग असेल आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला, तर साधारण एका सेकंदात पृष्ठभागावर रेणूंचा एक अख्खा थर बसतो. हा दाब वातावरणाच्या तुलनेत एक अब्जांशाहून थोडाच जास्त. म्हणजे हवेत चिकट रेणूंचं प्रमाण अब्जात एक एवढं असलं तरी हिशेब सेकंदांत जातो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, कारण स्थिर हवेतून रेणूंना वाट काढत यावं लागतं आणि जे खरोखर चिकटून राहतात ते जड रेणू फार विरळ असतात. तरी मिनिटं आणि तास, एवढाच अवधी मिळतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर महिन्याभरात जो चिकट थर बसतो, तसंच इथे घडतं, फक्त या थराची जाडी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते. डोळ्याला, भिंगाला, साध्या सूक्ष्मदर्शकालाही तो दिसत नाही. थेंबाला दिसतो.

हे रेणू नक्की कोणते, याचं नेमकं उत्तर यायला २०२२ उजाडलं. बुडापेस्टच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामात दिसलं की लेप हा कसल्यातरी मळाचा ढीग नाही. त्यात प्रामुख्याने २० ते २६ कार्बनच्या सरळ साखळीचे अल्केन, म्हणजे मेणात असतात तसले हायड्रोकार्बन, असतात, आणि ते पृष्ठभागावर शिस्तीत ओळी करून बसतात. या ओळींचे पट्टे सूक्ष्मदर्शकात आधीही दिसले होते, तेव्हा त्यांचं श्रेय हवेतल्या नायट्रोजनला दिलं गेलं होतं. हीच साखळी का? दोन कारणं हातात हात घालून येतात. साखळी जितकी लांब तितकी ती पृष्ठभागाला जास्त ठिकाणी धरते, म्हणून लहान रेणू उडून जातात आणि लांब टिकतात. शिवाय अल्केनच्या नागमोडी साखळीत एक आड एक कार्बनमधलं अंतर ०.२५४ नॅनोमीटर असतं, आणि ग्राफाइटच्या जाळीचं माप आहे ०.२४६. इतकं जवळचं माप की साखळी जाळीवर जवळपास बेतून बसते. फार लांब साखळ्या मात्र वाफ होऊन हवेत येतच नाहीत. या ओढाताणीत मधल्या लांबीचे रेणू जिंकतात.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. मेणासारख्या जाड अल्केनवर पाण्याचा कोन १०५ ते ११० अंश असतो. लेप चढलेल्या ग्राफाइटवर तो ८० ते ९५ मध्ये थांबतो. माझ्या मते याचा अर्थ असा की एका रेणूएवढ्या लेपाआडूनही पाण्याला खालच्या ग्राफाइटची ओढ थोडी जाणवत राहते.

हादरे ग्राफाइटपुरते थांबले नाहीत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडही असाच थरांचा पदार्थ, वंगणात वर्षानुवर्षं वापरला जाणारा. पिट्सबर्गच्याच गटाने त्याचा ताजा कोन ६९ अंशांच्या आसपास मोजला आणि एका दिवसाने ८९. विद्युतरसायनात तर २०१२ मध्येच वॉरिक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं होतं की ताज्या सोललेल्या ग्राफाइटचा सपाट पृष्ठभाग इलेक्ट्रॉन झपाट्याने देतो-घेतो, आणि हवेत जुना झाला की मंदावतो. त्याआधी वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं की सपाट भाग मठ्ठ, आणि सगळी क्रिया कडांवर. दोन वेगळ्या विषयांतली ही दोन कोडी एकाच लेपाखाली दडलेली होती.

आज हे मोजमाप करायला बसणाऱ्यांना मी काही गोष्टी आग्रहाने सांगेन. सोलल्याची वेळ सेकंदांसह लिहा आणि प्रत्येक थेंबापुढे पृष्ठभागाचं वय लिहा. एका थेंबाऐवजी वयानुसार कोनाचा आलेख द्या. नमुने प्लास्टिकच्या डबीत किंवा जेलपॅकवर (चिकट जेलचा तळ असलेल्या डबीत) ठेवू नका, त्यांतूनही सेंद्रिय वाफा येतात. निर्वात पंपाच्या तेलाची वाफ उलटी येत नाही ना ते पाहा. आणि आर्द्रता नोंदवा. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण पिट्सबर्गच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की पृष्ठभागावर पाण्याची पातळ साय असेल तर हायड्रोकार्बनचा शिरकाव मंदावतो. हवा दमट ठेवून किंवा नमुना किंचित गार करून हे साधता येतं. मुंबईत किंवा पणजीत जुलैमध्ये घेतलेला आलेख आणि पुण्यात मार्चमध्ये घेतलेला आलेख एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर आर्द्रतेशिवाय ते शक्य नाही.

मग स्वच्छ ग्राफीनचा खरा कोन किती? २०१८ मध्ये लायडन विद्यापीठाच्या गटाने यासाठी सुरेख युक्ती केली. ग्राफीनचा थर पाण्यावर तरंगत ठेवला आणि त्याच्या खालून हवेचा बुडबुडा सोडला. बुडबुड्यावर मिलिमीटरभर ग्राफीन ताणलं गेलं, ज्याच्या मागे तांबंही नाही आणि सिलिकॉनही नाही. त्या बुडबुड्याचा कोन मोजला तर ४२ अंश आला, तीन अंश इकडेतिकडे. तांब्यावरच्या ताज्या ग्राफीनच्या ४४ अंशांशी हा आकडा जुळतो, आणि ग्राफीन खालचा पदार्थ कितपत दिसू देतं या वादाला तो नव्याने तोंड फोडतो. तांबं असो वा नसो, कोन जवळपास तोच असेल तर पारदर्शकता कुठे राहिली?

ग्राफाइटचा हिशेब अजून तसा मिटलेला नाही. थर जितके जास्त तितकी पाण्याला खेचणारी ओढ जास्त, म्हणून जाड ग्राफाइटचा कोन एका थराच्या ग्राफीनपेक्षा कमी यायला हवा. श्रेडरचे ३५ अंश या अपेक्षेत बसतात. हवेत सोललेल्या ग्राफाइटचे ६४ बसत नाहीत. चिकटपट्टी ओढल्यापासून थेंब टेकेपर्यंतच्या काही सेकंदांत, वरच्या हिशेबाप्रमाणे, लेपाला सुरुवात झालेली असू शकते. तसं असेल तर ६४ हीसुद्धा वरची मर्यादाच समजायला हवी, आणि १९७५ चा प्रयोग आजच्या यंत्रणेने पुन्हा करून, निर्वातापासून हवेपर्यंत एकाच तुकड्यावर कोन कसा चढत जातो याचा सलग आलेख काढण्यासारखा आहे.